मृत्युपत्राचे प्रोबेट: पहिल्यांदाच या कामाला लागणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे आहे, ते त्या व्यक्तीचे शेवटचे मृत्युपत्र आहे आणि कायद्याने सांगितलेल्या रीतीने केलेले आहे, याची खात्री करून न्यायालयाने आपल्या मोहोरेनिशी दिलेली, मृत्युपत्राची प्रत जोडलेली सनद. घरात मृत्यू झाल्यानंतर बँक, गृहनिर्माण संस्था किंवा फ्लॅटचा खरेदीदार ‘प्रोबेट आणा’ असे सांगतो, तेव्हा अनेकांना वाटते की न्यायालय आता मालमत्तेची वाटणी करून देणार आहे. तसे होत नाही. फ्लॅट मृत व्यक्तीच्या मालकीचा होता की नाही, दागिने तिचे स्वतःचे होते की सासूबाईंनी फक्त सांभाळायला दिले होते, हे प्रश्न प्रोबेटच्या न्यायालयात सुटत नाहीत. तिथे फक्त मृत्युपत्र तपासले जाते. हा फरक घरातील सर्वांना आधीच नीट समजावून सांगितला, तर पुढचे बरेच गैरसमज टळतात.

मृत्युपत्रच नसेल, तर प्रोबेटचा प्रश्न येत नाही. मग बँकेतील ठेवी, शेअर, रोखे आणि येणी यांच्यासाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावे लागते. महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियम ८ नुसार दिवाणी न्यायालयाकडून वारस दाखलाही मिळतो. गोव्याचा कायदा वेगळा आहे. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या पद्धतीवर आधारलेला २०१२ चा स्वतंत्र उत्तराधिकार कायदा आहे, वाटणी ‘इन्व्हेंटरी’ कार्यवाहीने, म्हणजे न्यायालयात मालमत्तेची यादी करून, होते आणि मुलांसाठी राखलेला मालमत्तेचा निम्मा हिस्सा मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. त्यामुळे पुढील माहिती महाराष्ट्रापुरती आहे आणि त्यातही मुंबईचा विचार अधिक केला आहे, कारण हा विषय आपल्याकडे सर्वांत जास्त तिथेच उद्भवतो.

मुळात प्रोबेट घ्यावेच लागते का

हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, कारण याचे उत्तर अलीकडे बदलले आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधील कलम २१३ मुळे मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या जुन्या इलाखा शहरांशी संबंध असलेल्या हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी व्यक्तींच्या मृत्युपत्रांना प्रोबेट सक्तीचे होते. मृत्युपत्र साताऱ्यात केलेले असले तरी त्यातील एखादी खोली गिरगावात असेल, तर त्या खोलीवरील हक्क प्रोबेटशिवाय न्यायालयात सिद्ध करता येत नसे. उलट, पुण्यातील माणसाने पुण्यातच पुण्याच्या घराविषयी केलेल्या मृत्युपत्राला ही सक्ती लागू नव्हती. मुसलमानांना ती कधीच लागू नव्हती आणि भारतीय ख्रिश्चनांची तिच्यातून २००२ मध्ये सुटका झाली. एकाच देशात शहर आणि धर्म यांवरून पडणारा हा भेद डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व सुधारणा कायदा करून कलम २१३ वगळल्याने संपला.

मात्र सक्ती गेली म्हणून प्रोबेटही गेले, असा अर्थ कोणी काढू नये. ज्याला हवे असेल त्याला ते आजही मागता येते आणि काही परिस्थितींत ते घेणेच शहाणपणाचे असते. भावंडांत कुरबूर असेल, मृत्युपत्रात एखाद्या वारसाला काहीच दिलेले नसेल, साक्षीदार वयस्कर असतील, घर पुढे विकायचे असेल किंवा मोठ्या रकमेचे शेअर नावावर करून घ्यायचे असतील, तर प्रोबेट घ्यावे असे मी सुचवेन. मृत्युपत्राच्या खरेपणाबाबत प्रोबेट फक्त अर्जदारावर नव्हे, तर सर्वांवर बंधनकारक असते आणि खरेदीदाराचा वकील दहा वर्षांनी कागद तपासायला बसला तरी त्याला ते पुरते. सर्व वारस एकमताचे असतील, मालमत्ता मोजकी असेल आणि संस्था व बँक मृत्युपत्रावर काम करून देत असतील, तर या खर्चात पडण्याची गरज नसते. संस्था किंवा बँक अजूनही जुन्या सवयीने प्रोबेट मागत असेल, तर कोणत्या नियमानुसार मागता, हे लेखी विचारावे. आधीच दाखल झालेले अर्ज आणि काही वर्षांपूर्वी झालेले मृत्यू यांच्या बाबतीत मात्र वकिलाचा लेखी सल्ला घेऊनच ठरवावे.

इथेच नामनिर्देशनाबद्दलही सांगायला हवे, कारण घरोघरी भांडणे त्यावरून होतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर आणि रोख्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी खटल्यात डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. नॉमिनीला पैसे किंवा कागद ताब्यात मिळतात, पण ते पुढे मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ज्याचे त्याला द्यावे लागतात. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने तर नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद करून घेण्याची तरतूद आहे. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. बँक खात्याला नॉमिनी असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार, न्यायालयाचा मनाई आदेश नसेल तर, बँकेने त्याच्याकडे प्रोबेट मागायचे नसते. घरखर्चासाठी पैसे अडले असतील, तर आधी हे पैसे मोकळे करून घ्यावेत.

पहिल्या काही आठवड्यांतील कामे

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर ती रुग्णालयाकडून होते, घरी झाला असेल तर आपल्याला करावी लागते. मृत्यू दाखल्याच्या भरपूर प्रती काढून ठेवाव्यात आणि त्यातील नावाचे शब्दलेखन त्याच दिवशी तपासावे. आपल्याकडे एकाच बाईचे माहेरचे नाव, सासरी ठेवलेले नाव आणि हाक मारण्याचे नाव अशी तीन नावे सहज असतात. आधार कार्डावर एक, शेअर प्रमाणपत्रावर दुसरे आणि मृत्युपत्रावर तिसरे नाव असेल, तर अर्जात ही सगळी नावे ‘उर्फ’ लावून लिहावी लागतात, म्हणजे प्रोबेटवरही ती सगळी येतात. हे आधी लक्षात आले नाही, तर प्रोबेट हातात पडल्यावर एखादी कंपनी नाव जुळत नाही म्हणून काम अडवते आणि दुरुस्तीसाठी पुन्हा न्यायालयात जावे लागते.

त्यानंतर मूळ मृत्युपत्र शोधावे. कपाट, बँकेचा लॉकर, नेहमीचे वकील, हिशेब पाहणारे सनदी लेखापाल यांच्याकडे चौकशी करावी. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नसते, पण ते नोंदवलेले असण्याची शक्यता असते. नोंदवलेल्या मृत्युपत्राची प्रत व्यक्ती हयात असेपर्यंत इतरांना मिळत नाही. मृत्यूनंतर मात्र दाखला जोडून अर्ज केल्यास दुय्यम निबंधक कार्यालयातून ती मिळू शकते. घरात एकापेक्षा जास्त मृत्युपत्रे सापडली, तर गैरसोयीचे वाटणारे एखादे फाडून टाकण्याचा विचारही कोणी करू नये. सगळी जपून ठेवून वकिलांपुढे ठेवावीत. मूळ कागदावर काही लिहू नये, त्याला टाचण्या लावू नयेत, तो लॅमिनेट करू नये, कारण कागदाला पडलेल्या प्रत्येक छिद्राबद्दल पुढे विचारणा होऊ शकते.

मृत्युपत्र वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील कलम ६३ प्रमाणे करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. स्टँप पेपर लागत नाही, साध्या वहीच्या पानावरचे मृत्युपत्रही चालते, पण साक्षीदारांशिवाय चालत नाही. दुसरी म्हणजे एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी नेमलेली व्यक्ती, कोण आहे. प्रोबेट फक्त एक्झिक्युटरलाच मिळते. एक्झिक्युटर नेमलेला नसेल, तो आधीच वारला असेल किंवा त्याने हे काम नाकारले असेल, तर ज्याला मालमत्ता मिळायची आहे तो ‘मृत्युपत्र जोडलेले प्रशासनपत्र’ मागू शकतो. त्या मार्गात न्यायालयाला बंधपत्र लिहून द्यावे लागते, एवढा त्रास वाढतो. बाकीची पद्धत जवळपास तीच आहे.

साक्षीदारांकडे आधी जावे

या कामात सर्वांत जास्त चालढकल साक्षीदारांच्या बाबतीत होते आणि तीच सर्वांत महाग पडते. मृत्युपत्र सिद्ध करण्यासाठी साक्षीदार हयात असेल, तर किमान एकाची साक्ष किंवा प्रतिज्ञापत्र लागते. ‘माझ्यासमोर त्यांनी सही केली, त्या वेळी ते शुद्धीवर होते, मी त्यांच्यासमोर सही केली’ एवढेच त्याला सांगायचे असते, पण ते त्यानेच सांगायचे असते. साक्षीदार बहुधा शेजारचे, कार्यालयातील सहकारी किंवा कुटुंबाचे डॉक्टर असतात आणि मृत्युपत्र करणाऱ्याच्याच वयाचे असतात. वर्षभराने त्यांच्या दारात गेलो तर ते अंथरुणाला खिळलेले असू शकतात. दोघेही वारले असतील तर त्यांच्या आणि मृत व्यक्तीच्या हस्ताक्षराची ओळख असणारा माणूस उभा करावा लागतो. ते शक्य आहे, पण विरोध झाल्यास ती बाजू नाजूक पडते. म्हणून वकील ठरण्याची वाट न पाहता दोन्ही साक्षीदारांना फोन करावा, त्यांचे सध्याचे पत्ते लिहून घ्यावेत आणि प्रतिज्ञापत्र शक्य तितक्या लवकर करून घ्यावे. मृत्युपत्राच्या सुमारास ती व्यक्ती आजारी असेल, तर त्या काळातील डॉक्टरांचे कागदही जपावेत. लाभ घेणाऱ्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला, सही थरथरती आहे, जवळच्या माणसाला कारण न देता वगळले आहे, असे संशयास्पद प्रसंग असतील, तर ते दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असते. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये वेंकटाचल अय्यंगार खटल्यात घालून दिलेले हे तत्त्व आजही प्रत्येक वादात उद्धृत केले जाते.

वारसांची यादी प्रामाणिकपणे करावी

अर्जात मृत्युपत्राने ज्यांना मालमत्ता मिळते त्यांचीच नव्हे, तर मृत्युपत्र नसते तर ज्यांना वारसाहक्क मिळाला असता अशा सर्वांची नावे, वये, नाते आणि पत्ते द्यावे लागतात. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे हिंदू पुरुषाच्या बाबतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातील वारस आहेत. आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलेही त्यात येतात. आई हयात असेल तर तिचे नाव घालायचे अनेकांच्या ध्यानात येत नाही. वडील मात्र दुसऱ्या वर्गात आहेत. हिंदू स्त्रीच्या बाबतीत क्रम वेगळा आहे, आधी मुले, मुली आणि पती.

काही कुटुंबांत लग्न होऊन गेलेल्या बहिणीचे नाव ‘तिला काही मिळायचेच नाही, मग कशाला’ म्हणून गाळले जाते. हे करू नये, अन्यायाचे आहे म्हणून आणि कायद्यानेही. महत्त्वाची बाब लपवून किंवा ज्यांना नोटीस द्यायला हवी त्यांना ती न देता मिळवलेले प्रोबेट भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील कलम २६३ प्रमाणे रद्द होऊ शकते आणि ते रद्द झाले की त्यावर उभे राहिलेले पुढचे सगळे व्यवहार डळमळतात. वारसांची हरकत नसेल तर त्यांची संमतीची प्रतिज्ञापत्रे अर्जासोबत जोडता येतात, म्हणजे नोटिशीचा वेळ वाचतो. पण संमतीवर सही मागण्यापूर्वी मृत्युपत्राची पूर्ण प्रत त्या व्यक्तीच्या हातात द्यावी आणि वाचायला अवधी द्यावा. तेराव्याच्या गडबडीत ‘इथे सही कर, बँकेचे काम आहे’ म्हणून घेतलेली सही पुढे न्यायालयात उभी राहत नाही आणि नातेही तोडते. वारस परदेशात असतील, तर प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात किंवा तिथल्या नोटरीपुढे करून अपोस्टिलसह, म्हणजे कागद खरा असल्याच्या तिथल्या सरकारी शिक्क्यासह, मागवावे लागते. न्यू जर्सीतील भावाला किंवा लंडनमधील मुलीला हे सुरुवातीलाच सांगून ठेवावे.

मालमत्तेचा तक्ता

मृत्यूच्या दिवशी जे होते त्याची यादी करावी: घर, जमीन, ठेवी, शेअर, म्युच्युअल फंड, भविष्य निर्वाह निधी, लॉकरमधील दागिने, वाहन, कोणाला दिलेले उसने पैसे. संयुक्त मालकी असेल तर मृत व्यक्तीचा हिस्साच धरावा. कर्जे आणि अंत्यसंस्काराचा खर्च वेगळ्या तक्त्यात लिहून वजा करता येतो. न्यायालयीन शुल्क या निव्वळ किमतीवर ठरते आणि त्याला वरची मर्यादा आहे. त्या दिवशीचा दर न्यायालयाच्या कार्यालयातूनच विचारून घ्यावा आणि वकिलांची फी त्यापासून वेगळी, टप्प्यांसह लेखी ठरवावी. शुल्क वाचवण्यासाठी घराची किंमत कमी दाखवण्याचा मोह होतो, तो टाळावा. घर मृत्युपत्राने मिळाले तर त्या हस्तांतरावर मुद्रांक शुल्क लागत नाही, ही बचत पुरेशी मोठी आहे.

अर्ज कुठे आणि कसा

मृत व्यक्ती बृहन्मुंबईत राहत होती किंवा तिची मालमत्ता तिथे आहे, तर अर्ज मुंबई उच्च न्यायालयाच्या टेस्टामेंटरी, म्हणजे मृत्युपत्रांची प्रकरणे पाहणाऱ्या, विभागात होतो. इतर जिल्ह्यांत तो त्या जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात होतो. इथे एक बारकावा उपयोगी आहे. जिल्हा न्यायालयाने दिलेले प्रोबेट साधारणपणे त्या राज्यापुरतेच चालते. कोल्हापूरच्या कुटुंबाचे बेळगावात घर असेल, तर राज्याबाहेरील मालमत्तेची किंमत आज कायद्यातील दहा हजार रुपयांच्या मर्यादेत बसणे अशक्य आहे. अशा वेळी उच्च न्यायालयाकडे अर्ज करावा, कारण त्याचे प्रोबेट देशभर चालते.

अर्जात मृत्यूची तारीख, मृत्युपत्र शेवटचे व रीतसर केलेले असल्याचे विधान, मालमत्तेची किंमत आणि अर्जदार हाच एक्झिक्युटर असल्याचे लिहावे लागते. सोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यू दाखला, मालमत्तेचे तक्ते, साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र, एक्झिक्युटरची शपथ आणि वकीलपत्र लागते. मूळ मृत्युपत्र न्यायालयाच्या ताब्यात राहते, म्हणून देण्यापूर्वी त्याच्या पानोपानी स्पष्ट रंगीत प्रती काढून ठेवाव्यात आणि जमा केल्याची पोच घ्यावी. मृत्युपत्र मराठीत असेल तर उच्च न्यायालयात त्याचे अधिकृत इंग्रजी भाषांतर न्यायालयाच्या भाषांतरकाराकडून करून जोडावे लागते. घरगुती भाषांतर चालत नाही. त्याला वेळ लागतो, तो हिशेबात धरावा.

अर्ज केव्हापर्यंत करावा, याबद्दल अनेक समज प्रचलित आहेत. मृत्यूनंतर सात दिवस पूर्ण होण्यापूर्वी प्रोबेट मिळत नाही, ही खालची मर्यादा. वरच्या मर्यादेबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मुदत कायद्यातील अनुच्छेद १३७ लागू धरला आहे, म्हणजे अर्ज करण्याचा हक्क निर्माण झाल्यापासून तीन वर्षे. ही तीन वर्षे नेहमीच मृत्यूच्या तारखेपासून मोजली जातात असे नाही, पण त्या युक्तिवादावर विसंबून राहू नये. तीन वर्षे उलटून गेली असतील तर उशिराचे कारण अर्जातच सविस्तर लिहावे.

दाखल झाल्यानंतर

न्यायालयाचे कार्यालय कागद तपासून त्रुटी काढते. पत्ता अपुरा, वारसाचे वय नाही, तक्त्यातील शेअरची संख्या जुळत नाही, अशा बहुतेक त्रुटी साध्या असतात. त्या काढल्या म्हणून घाबरू नये, पण वकिलांकडे दर काही दिवसांनी विचारणा करत राहावी, कारण निर्विवाद अर्जही बहुधा या टप्प्यावरच रेंगाळतात. ज्या वारसांची संमती नाही त्यांना न्यायालयाची नोटीस जाते, पत्ता सापडत नसेल तर वर्तमानपत्रात द्यावी लागते. हरकत असलेल्या वारसाने ठरलेल्या मुदतीत कॅव्हेट, म्हणजे हरकतीची लेखी सूचना, आणि त्याच्या समर्थनार्थ प्रतिज्ञापत्र दाखल केले, तर अर्जाचे रूपांतर दाव्यात होते आणि साक्षी-उलटतपासणी सुरू होते. निर्विवाद अर्जाला महिने लागतात, दाव्याला वर्षे. म्हणून हरकत येणार असे दिसत असेल तर दाखल करण्यापूर्वीच घरातील जाणत्या माणसाला मध्ये घालून बोलणे करून पाहावे. दावा लागल्यावरही तडजोड करता येते, पण तोवर झालेला खर्च परत येत नाही.

नोटीस मिळालेल्याने ती कपाटात ठेवून देऊ नये. मृत्युपत्र खरे वाटत असेल तर संमती द्यावी, शंका असेल तर मुदतीत वकिलाकडे जावे. वाटा कमी मिळाला, एवढे कारण हरकतीला पुरत नाही. सही खोटी आहे, दबाव होता, शुद्ध नव्हती, पुढचे मृत्युपत्र आहे, असे काही ठोस लागते.

प्रोबेट मिळाल्यावर

प्रमाणित प्रती गरजेपेक्षा जास्त घ्याव्यात आणि मूळ कोणाला देऊ नये. गृहनिर्माण संस्थेत भागपत्र (शेअर प्रमाणपत्र) हस्तांतरासाठी, नगर भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रकासाठी, गावच्या जमिनीचा सातबारा बदलण्यासाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, तसेच महापालिकेचा मालमत्ता कर आणि वीजजोडणी यांसाठी स्वतंत्र अर्ज करावे लागतात. जमिनीवर हक्क मिळाल्याची माहिती तीन महिन्यांत देण्याची अपेक्षा महसूल संहितेत आहे, त्यामुळे फेरफाराचा अर्ज मागे ठेवू नये. मृत व्यक्तीचे प्राप्तिकर विवरणपत्र राहिले असेल तर वारसाने प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर प्रतिनिधी म्हणून नोंद करून ते भरावे.

एक्झिक्युटरने आधी कर्जे आणि देणी फेडायची, मगच मृत्युपत्राप्रमाणे वाटप करायचे. उलट क्रमाने केले तर वैयक्तिक जबाबदारी अंगावर येऊ शकते. प्रत्येक लाभार्थीकडून तारखेसह पोच घ्यावी. वाटपापूर्वीचे सर्व पैसे आपल्या रोजच्या खात्यात न मिसळता वेगळ्या खात्यात ठेवावेत. आणि भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील कलम ३१७ प्रमाणे प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व एका वर्षात हिशेब न्यायालयात सादर करायचा असतो. शेवटच्या सुनावणीनंतर वकील ही आठवण देतीलच असे नाही, म्हणून प्रोबेट हातात पडेल त्या दिवशीच या दोन्ही तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात.